लांब नेऊन सोडलेली

रघुवीर तेंडोलकरांना इंग्लंडात बेसिंगस्टोकला मुलाकडे येऊन तीन आठवडे झाले, तेव्हा त्यांनी मुलाला स्पष्टच सांगून टाकलं की या गावात फ्यूज उडत नाहीत, शेजारी भांडत नाहीत आणि साप निघत नाहीत. मग माणसानं दिवसभर करायचं काय? अनुप लॅपटॉपमधून मान वर न काढता म्हणाला, "बाबा, टीव्ही बघा ना." राजापूर तालुक्यात एकतीस वर्षं वायरमनची नोकरी केलेल्या माणसाला टीव्ही बघा म्हणणं म्हणजे बैलाला झोपाळ्यावर बसा म्हणण्यासारखं आहे. पण अनुप सॉफ्टवेअरमधला. त्याला बैल कुठून कळणार?

वायरमन म्हणून रघुवीरांना तालुक्यात सगळेच ओळखत, पण बोलावणं यायचं ते जास्त करून सापासाठी. पडवीत, गोठ्यात, न्हाणीघराच्या चुलीमागे साप निघाला की लोक काठी शोधायच्या आधी रघुवीरांना शोधत. ते आधी सायकलवरून, पुढे मोटारसायकलवरून येत, आकडीनं साप उचलत, पिशवीत घालत आणि सडा, म्हणजे गावाबाहेरचा कातळाचा माळ, ओलांडून दोन-चार कोसांवर रानात नेऊन सोडत. लांब सोडण्यावर त्यांचा फार कटाक्ष होता. घरामागच्या कुंपणाबाहेर साप सोडणाऱ्यांना ते सरळ कामचुकार म्हणत. साप मारायचा नाही आणि परत यायला द्यायचा नाही, हा त्यांचा धर्म. असे हजारावर साप त्यांनी वाचवले होते. नोकरीत आपण साहेब झालो नाही, संसारात बायकोला पुरता वेळ दिला नाही, हे त्यांना कबूल होतं. पण सापांच्या बाबतीत त्यांना स्वतःविषयी काडीची शंका नव्हती.

नव्या घरांची रांग संपली की वीस मिनिटांच्या चालीवर एक उजाड माळ होता. इंग्रज त्याला हीथ म्हणतात. जून महिन्यातल्या एका सकाळी रघुवीर चालत चालत तिथवर गेले आणि जागच्या जागी उभे राहिले. हा तर आपला सडा! खुरटी झुडपं, खडी, ऊन, आणि मधून गेलेली एक अरुंद डांबरी लेन. लेनच्या कडेला जरा उंचवटा होता, त्याच्या दक्षिणेकडच्या उतारावर गॉर्स नावाची पिवळ्या फुलांची काटेरी झुडपं माजली होती. त्या उताराशी पिवळं जाकीट घातलेली तिशीची एक मुलगी गुडघ्यांवर बसून गवतात कॅमेरा रोखून होती. रघुवीरांनी सवयीनं तिच्या नजरेची रेघ धरली, आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "आयला, फुरसं!"

मुलीनं मागे न बघता ओठांवर बोट ठेवलं आणि हळूच म्हणाली, "फुरसं नाही, ॲडर. पण तुमचा गेस व्हेरी गुड आहे."

अशी उल्काची ओळख झाली. ती नॉटिंगहॅमची. आईवडील मूळचे दादरचे, पण तिचा जन्म इथलाच. हीथची राखण करणारी वॉर्डन म्हणून कौन्सिलमध्ये नोकरीला होती. मराठी कळायचं सगळं, बोलताना मात्र पुरुषाची बाई आणि बाईचा दगड व्हायचा. इतक्या वर्षांत आपल्याशी मराठीतून सापांविषयी बोलणारं पहिलंच माणूस भेटलं म्हणून ती इतकी खूश झाली, की तिनं सहासष्ट वर्षांच्या या अनोळखी माणसाला अर्धा तास उन्हात उभं करून सगळा इतिहास सांगितला.

त्या उताराखाली, गॉर्सच्या मुळांमध्ये, ॲडरची बिळं होती. थंडीत सगळे तिथंच झोपायचे आणि दर वर्षी न चुकता त्याच बिळात परतायचे. पूर्वी या एका उतारावर तीस-पस्तीस होते. आता मोजून अकरा राहिले होते, त्यांत माद्या तीन. दोघींना यंदा पिल्लं होणार नव्हती. गवतात वेटोळं घालून पडलेली ही तिसरी तेवढी गाभण होती. उल्काच्या कागदांवर तिचं नाव एफ-सेव्हन. अंगानं तपकिरी, पाठीवर वेणीसारखी नागमोडी पट्टी, डोक्यावर काळी खूण. प्रत्येक ॲडरच्या डोक्यावरची खूण वेगळी, म्हणून उल्का फोटोवरून त्यांना ओळखायची.

"आता ही काही खाणार नाही," उल्का म्हणाली. "ऑगस्ट एंडपर्यंत इथंच बसणार, सन घेणार. मग बेबीज. ती हा जागा सोडत नाही, काका."

"म्हणजे बाळंतपणाला माहेरी आलेली म्हण की."

उल्काला माहेर माहीत नव्हतं. रघुवीरांनी समजावून सांगितलं, की पहिलटकरणीला दिवस भरत आले की ती आईकडे जाते, तिथं तिला कुणी कामाला लावत नाही, उन्हात बसवून तेल लावतात. उल्का हसली. "मग एफ-सेव्हन माहेरी आहे," ती म्हणाली, आणि तेव्हापासून दोघंही तिला माहेरवाशीणच म्हणू लागले.

"फक्त हात नाही लावायचा," उल्कानं जाताना बजावलं. "प्रॉमिस?"

"बरं," रघुवीर म्हणाले. मनात म्हणाले, हजार साप या हातांतून गेले, आणि ही कालची पोर मला शिकवते.

पण ते रोज जाऊ लागले. सकाळचा चहा झाला की टोपी, काठी आणि बायकोनं, श्यामलाबाईंनी, बांधून दिलेली घावनांची पुरचुंडी. श्यामलाबाई म्हणायच्या, "तिकडे सापांनी पिच्छा पुरवला, म्हटलं इथं तरी सुटेन. सहा महिन्यांच्या व्हिसावर आलात आणि त्यातही सवत शोधलीत." पण घावनं मात्र दोघांना पुरतील एवढी बांधायच्या. रघुवीर आणि उल्का उताराशी बसून ती खायचे, आणि माहेरवाशीण दहा हातांवर उन्हात पडलेली असायची. रघुवीरांना इतकं बरं निवृत्त झाल्यापासून कधी वाटलं नव्हतं.

जुलैच्या मध्यावर मोठा रस्ता दुरुस्तीसाठी बंद झाला आणि सगळी वाहनं या लेनवर वळवली. त्या वर्षी ऊन असं पडलं होतं की इंग्रज लोक घाबरून गेले होते. जिथं तासाला एखादी गाडी जायची तिथं आता लॉऱ्या, व्हॅना, मोटारी, एकामागोमाग एक. लेन अशी अरुंद, की समोरून कुणी आलं की एकाला गवतात चाक घालावंच लागे. पहिल्याच आठवड्यात एक नर ॲडर डांबराला चिकटलेला सापडला. मग एक पिल्लू, मागल्या वर्षीचं. दिवस कलला तरी डांबर तापलेलं राहतं आणि साप उबेला त्यावर येतात, हे रघुवीरांना कुणी सांगायची गरज नव्हती. राजापूरच्या रस्त्यांवर त्यांनी ते जन्मभर पाहिलं होतं. उल्कानं ऑफिसला पत्रांवर पत्रं लिहिली. उताराच्या कडेनं प्लास्टिकचं बुटकं कुंपण घाला, म्हणजे साप रस्त्यावर येणार नाहीत, एवढीच तिची मागणी. ऑफिसकडून उत्तर यायचं, की विचार चालू आहे.

अशातच तिला नॉटिंगहॅमला जावं लागलं. "ममचा गुडघ्याचा ऑपरेशन आहे," ती म्हणाली. "पाच-सहा दिवस. ऑफिसचे सगळे हॉलिडेवर. तुम्ही रोज एकदा बघाल? फक्त बघा आणि मला फोन करा, की ती आहे."

"काळजी करू नकोस गो," रघुवीर म्हणाले. "माझ्यावर सोड."

तिसऱ्या दिवशी रविवार होता. इंग्रजांचा रविवार, आपली नागपंचमी. रघुवीर लेनवर पोचले तेव्हा वाहनांची रीघ लागली होती. समोरासमोर दोन मोटारी आल्या, एकीनं मागे घेतलं, आणि तिचं मागचं चाक गवतात चढून माहेरवाशिणीपासून वीतभर अंतरावर थांबलं. ती हललीसुद्धा नाही. पोट जड झालं होतं, जागा सोडायची तिची तयारी नव्हती. गाडी निघून गेली. रघुवीर छातीवर हात ठेवून तसेच उभे राहिले. आपल्या लेकीच्याच अंगावर कुणी गाडी घातली, असं त्यांना वाटलं.

उल्काला फोन करावा, असं त्यांच्या मनात आलं. पण ती काय म्हणणार हे त्यांना ठाऊक होतं. विचारलं तर नाही म्हणतील, म्हणून विचारायचंच नाही, हे शहाणपण माणूस लहानपणी शिकतो आणि म्हातारपणीही विसरत नाही. ते तडक घरी आले.

श्यामलाबाई पातोळ्या करत होत्या. हळदीची पानं मिळाली नाहीत म्हणून चांदीच्या कागदावर थापत होत्या आणि वास नाही म्हणून कुरकुरत होत्या. रघुवीरांनी कपाटातून उशीचा अभ्रा ओढला तेव्हा त्यांच्या सगळं ध्यानात आलं.

"अहो, पंचमीच्या दिवशी सापाला हात लावायचा?"

"मारायला नाही चाललो. वाचवायला चाललोय. पंचमीला याहून चांगलं काय करायचं?"

"त्या उल्काला विचारलंत?"

"ती नॉटिंगहॅमला आहे."

श्यामलाबाईंनी हात पुसला. "तो फुलाफुलांचा नेऊ नका, अक्षयाच्या सेटमधला आहे," त्या म्हणाल्या, आणि सुनेच्या सेटमधला नसलेला एक साधा पांढरा अभ्रा काढून दिला. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी अशा किती पिशव्या काढून दिल्या होत्या, त्याला गणती नव्हती.

आकडी नव्हती, तर रघुवीरांनी काठीला कपड्यांच्या हँगरची तार वळवून बांधली. गुडघ्यांवर बसले, तार अलगद तिच्या पोटाखाली सरकवली, दुसऱ्या हातानं अभ्र्याचं तोंड धरलं आणि एका दमात तिला आत घेतलं. ती एकदाच फुस्स करून गप्प झाली. आठ वर्षांत त्यांनी साप धरला नव्हता. हात काहीही विसरले नव्हते. अभ्र्याला दोन गाठी मारून ते उभे राहिले तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते आनंदाचं होतं, हे सांगायलाच हवं.

मग ते चालले. लेन ओलांडली, हेदरच्या खुरट्या झुडपांतून गेले, बंद ठेवलेल्या मोठ्या रस्त्यावर यंत्रं सुट्टी घेऊन उभी होती तोही ओलांडला आणि पुढे दीड मैल, जिथं हीथचा दुसरा भाग सुरू होतो तिथं पोचले. छोटं तळं, बर्चची झाडं, कमरेएवढे नेचे, आणि कुठल्याही बाजूला रस्ता म्हणून नाही. जागा खरोखरच देखणी होती. त्यांनी गाठी सोडल्या. ती बाहेर आली, जीभ काढली, डोकं एका बाजूला वळवलं, मग दुसऱ्या, आणि बराच वेळ जिथल्या तिथं राहिली. मग नेच्यांत शिरली. रघुवीरांनी हात जोडले. "सुखरूप सुट, पोरी," ते म्हणाले.

दुपारी उल्काचा फोन आला. "काका, आज दिसला का ती?"

"दिसली. छान आहे."

खोटं कुठं बोललो, असं त्यांनी स्वतःला समजावलं. सकाळी दिसलीच होती आणि छानच होती. बाकीचं ती आली की समोरासमोर सांगू. तिचा चेहरा बघायला मजा येईल. त्या दिवशी त्यांनी सात पातोळ्या खाल्ल्या.

पुढचे दोन दिवस उल्का आईच्या ऑपरेशनमध्ये गुंतली होती, आणि त्यांनीही फोन केला नाही. उल्का बुधवारी आली ती नाचतच. ऑफिसनं कुंपण मंजूर केलं होतं, सोमवारी घालायचं होतं. "वी डिड इट, काका!" म्हणत तिनं त्यांचा हात धरून हलवला आणि उताराशी धावली. माहेरवाशीण तिथं नव्हती. तिनं वाट पाहिली, ऊन फिरल्यावर पुन्हा पाहिलं. संध्याकाळी सहाला ती गवतात बसली आणि तिचा चेहरा पांढरा पडला होता.

रघुवीरांच्या ओठांवर आलं होतं. अगदी ओठांवर. पण सांगायचं ठरवलं होतं ते मोठेपणा म्हणून, आणि आता ते गुन्हा म्हणून सांगावं लागणार होतं. त्यांनी आडून विचारलं, "समजा, कुणी तिला उचलून दुसरीकडे, चांगल्या जागी सोडलं असेल तर?"

"मग ती घरी यायला निघणार," उल्का म्हणाली. "तिला दुसरा काहीच माहीत नाही ना. कुठं ऊन येतं, कुठं लपायचं, कुठं बिळ आहे, तिला फक्त इथलाच मॅप माहीत आहे. ती चालत राहते. खात नाही, थांबत नाही. मोस्टली मरतात, काका. लोकांना वाटतं आपण वाचवला."

रघुवीर गप्प बसले. ही भेकडगिरी होती. दुसरं नाव देऊन उपयोग नाही.

दुसऱ्या दिवसापासून ते तळ्याकाठी जाऊ लागले. खिशात अभ्रा, हातात तीच काठी. तिला शोधायचं, गुपचूप परत उतारावर आणून ठेवायचं, कुणाला कळायचं नाही. नेचे बाजूला सारून सारून हात चिरले. चार दिवस सकाळी गेले, उन्हं उतरताना गेले. साप पकडायला ते जन्मभर गेले होते, पण सोडलेला साप शोधायला कधीच गेले नव्हते. तो कसा शोधायचा, हे त्यांना येत नव्हतं.

सोमवारी कुंपण आलं. गुडघ्याएवढं, हिरव्या प्लास्टिकचं, लाकडी खुंट्यांना ठोकायचं. ऑफिसची दोन माणसं होती, पण काम खरं केलं ते रघुवीरांनी. एकतीस वर्षं खांब रोवलेला माणूस. खुंटी ओळंब्यात, प्लास्टिक ताणून, खालची कड मातीत पुरून पायानं दाबलेली. बोटभर फट कुठं राहू दिली नाही. दोनशे पावलांचं कुंपण झालं. उल्का म्हणाली, "निदान बाकीचे वाचतील." रघुवीर मान खाली घालून माती दाबत होते. प्रायश्चित्त म्हणून माणूस कधी कधी फार चोख काम करतो. इतकं चोख, की कुंपणाला दोन बाजू असतात हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही.

माहेरवाशीण गुरुवारी सापडली. सोडल्याला अकरा दिवस झाले होते.

सकाळी रघुवीर पोचले तेव्हा उल्काची गाडी आडवी लावलेली होती आणि ती लेनच्या कडेला बसली होती. कुंपणाच्या बाहेरच्या बाजूला, प्लास्टिकच्या तळाशी, ती पडली होती. मागचा अर्धा भाग चाकाखाली गेला होता. तोंड प्लास्टिकला लागलेलं होतं. कुंपणाच्या कडेनं धुळीत रेघ होती. एका दिशेला वीस-पंचवीस पावलं, मग उलट फिरून तेवढीच दुसऱ्या दिशेला. ती फट शोधत होती. तिच्या बिळावरची गॉर्स कुंपणाच्या आत, माणसाच्या चार पावलांवर होती.

उल्कानं फोटो जवळ धरून पाहिला. डोक्यावरची खूण तीच.

"मी केलं," ती म्हणाली. ती रडत होती आणि नाक जाकिटाच्या बाहीला पुसत होती. "ती कुठंतरी गेली असणार, थोडासा, आणि मी मध्ये वॉल घातला. मी तिला घराच्या बाहेर लॉक केलं, काका. मी वॉर्डन आहे. मी चेक करायला पाहिजे होता."

रघुवीरांना तेव्हा बोलावंच लागलं. या मुलीनं ते ओझं घरी न्यावं, हे त्यांना सहन होण्यासारखं नव्हतं. "तू नाही केलंस," ते म्हणाले. "मी तिला उचललं होतं. पंचमीला. तळ्याकडे नेऊन सोडलं होतं."

उल्कानं त्यांच्याकडे पाहिलं. लॉरी आली, तिच्या गाडीपाशी थांबून भोंगा वाजवू लागली, तरी ती उठली नाही.

"तळं म्हणजे मोठ्या रस्त्याच्या पलीकडे?"

"हो."

"संडेला? मी फोन केला त्या दिवशी?"

"त्याच दिवशी. सोडून आल्यावर."

"तुम्ही म्हणाला, छान आहे."

"मला वाटलं, ती वाचेल," रघुवीर म्हणाले. "तिथं रस्ता नव्हता."

"दीड मैल," उल्का म्हणाली. "पोट घेऊन. न खाता." ती उठली, गाडीतून पिशवी आणली आणि दोन्ही हातांनी माहेरवाशिणीला उचलून आत ठेवलं. रघुवीर मदतीला वाकले तेव्हा ती एवढंच म्हणाली, "नको. तुम्ही हात नका लावू." आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. गाडीत बसून काच खाली करून तिनं समोर बघतच सांगितलं, "उद्यापासून येऊ नका, काका. प्लीज." आणि ती गेली. तिच्या मागे अडकलेल्या गाड्या एकेक करून रघुवीरांच्या समोरून निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी तिनं अनुपच्या फोनवर निरोप धाडला. अनुपला अर्थ कळला नाही म्हणून त्यानं तो वाचूनच दाखवला: काकांना सांगा, पोटात नऊ होती.

रघुवीर त्यानंतर घराबाहेर पडले नाहीत. मागच्या अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून राहायचे, जेवण पुढ्यात आलं की जेवायचे. अनुपला वाटलं, उष्मा बाधला. अक्षयानं डॉक्टरची वेळ घेते म्हटलं. श्यामलाबाईंना मात्र सगळं माहीत होतं, कारण लेनवरून आल्या आल्या त्यांनी बायकोला सांगितलं होतं आणि सांगताना लहान मुलासारखे रडले होते.

चौथ्या दिवशी दुपारचा चहा घेऊन श्यामलाबाई त्यांच्याजवळ येऊन बसल्या. नवऱ्याची समजूत घालायला त्या फारशा कधी गेल्या नव्हत्या, त्यामुळे कुठून सुरुवात करायची हे त्यांनाही सुचत नव्हतं.

"किती मनाला लावून घ्याल," त्या म्हणाल्या. "मुकं जनावर ते. त्याला घराची ओढ असायचीच. तुम्ही काय मुद्दाम केलंत? आपल्या देसायांच्या पडवीतली ती धामण नाही का, शेपूट तुटलेली? तीनदा सोडलीत, तीनदा माघारी आली."

"ती एक नव्हती," रघुवीर म्हणाले. "दर वेळी वेगळी धामण होती."

"इश्श. शेपूट तेच होतं की. अंगठ्याएवढं उरलेलं. पिशवीचं तोंड मीच धरलं होतं ना प्रत्येक वेळी. तुम्ही म्हणायचात दुसरी आहे, मी कशाला वाद घालू? प्रत्येक खेपेला बिचारी जास्त वाळलेली असायची."

रघुवीरांनी कप खाली ठेवला. "आणि मग?"

"मग काय? चौथ्या खेपेला तुम्ही चिडलात आणि पिशवी घेऊन एसटीनं थेट घाट चढून गेलात. वर कुठंतरी सोडून आलात. त्यानंतर नाही आली." श्यामलाबाईंनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. आपण काय बोलून गेलो, हे त्यांना कळलं नव्हतं. "चहा निवतोय," म्हणून त्या आत गेल्या.

रघुवीर खुर्चीत बसून राहिले. ती धामण पुन्हा दिसली नाही म्हणून देसायांनी गणपतीत चार माणसांसमोर त्यांना शाल आणि नारळ दिला होता. ती शाल ते अजून थंडीत पांघरत असत.